ब्रेकची नाडीपरीक्षा

दिवाळी तोंडावर आली की शहाणी माणसे भिंतींना रंग काढतात, माळ्यावरची भांडी उतरवतात आणि घरातल्या बायकांच्या हाताखाली मुकाट्याने राबतात. मी गाडीखाली शिरतो. गेली पंधरा वर्षे हा नेम चुकलेला नाही. घरातल्यांनीही आता तो चकली-कडबोळ्यांसारखा दिवाळीचाच एक भाग मानला आहे.

गाडी माझ्या काकांची. इंग्लंडात ॲबिंग्डन गावी १९५२ साली तयार झालेली, दोन माणसांची, उघड्या टपाची एम. जी. टी. डी. तिचे पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले आणि दारे अशी खाली कापलेली की, आत बसले म्हणजे कोपर आपोआप रस्त्यावर येते. काका गेले आणि ती वारसाहक्काने माझ्याकडे आली. वारसाहक्काने येणाऱ्या सगळ्याच वस्तूंबरोबर त्यांची दुखणीही येतात, तशी तिचीही आली. ज्या वाचकांना मोटारीतले काही कळत नाही त्यांनी भिऊ नये. मलाही फारसे कळत नव्हते, हेच या लेखाचे निमित्त आहे.

गेल्या वर्षी आश्विनातल्या एका सकाळी अकरा वर्षांच्या नातीला शेजारी बसवून मी पौडच्या रस्त्याने निघालो होतो. वेग बेताचा होता. एका वळणावर झेंडूची पोती लादलेला एक सायकलवाला अचानक समोर आला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, परंतु थांबण्यापूर्वी ती सरळ उजवीकडे ओढली गेली आणि तिचे नाक समोरून येणाऱ्या टेंपोच्या पुढ्यात गेले. टेंपोवाला सावध होता म्हणून हा लेख लिहिला जात आहे. त्याने दोन अस्सल शिव्या दिल्या, सायकलवाल्याने सांडलेला झेंडू गोळा केला, आणि सगळे आपापल्या वाटेने गेले. नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली,

"आजोबा, तुम्ही उजवीकडे का वळवलीत?"

"मी वळवली नाही गं."

"मग कोणी वळवली?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे तीन आठवडे गेले. प्रथम मी जे केले ते कोणीही भला माणूस करील तेच. गाडी उजवीकडे ओढते, म्हणजे उजव्या चाकाचा ब्रेक जास्त लागतो, असे ठरवून उजवे चाक काढले, ड्रम उतरवला, आतले शू घासले, नवे लायनर लावले. गाडी पूर्वीसारखीच उजवीकडे. पुन्हा उघडले. सिलेंडरातली रबरे बदलली. तरीही तेच. त्या तीन आठवड्यांत हाताला काळे आणि मनाला खंत लागलेली असताना मी रात्री जुनी पुस्तके काढून बसू लागलो. ब्रेक या वस्तूचा इतिहास मला खरा कळला तो असा, दुरुस्ती जमत नव्हती म्हणून.

ब्रेक गाडी थांबवतो असे आपण सहज म्हणतो. खरे पाहता तो गतीची उष्णता करतो, आणि ती उष्णता वाऱ्यावर सोडून देतो. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना पाचशे मीटरांहून अधिक उंची खाली येते. दोन माणसांसह माझ्या गाडीचे वजन हजार किलोच्या आसपास. तिला नुसत्या ब्रेकवर घाट उतरवला आणि वाऱ्याने, इंजिनाने घेतलेला वाटा सोडून दिला, तर तेवढ्या उष्णतेत पंधरा-सोळा लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. नरकचतुर्दशीच्या पहाटे पेटवतो तसा एक छोटा बंबच म्हणा ना. हा बंब चार लोखंडी ड्रमांच्या पोटात पेटतो, आणि त्याच्याजवळच रबराच्या लहान लहान वाट्या बसवलेल्या असतात. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात तो उतरायचा, हा काकांचा दंडक मला लहानपणी म्हातारपणाचा हट्ट वाटे. आकडे मांडल्यावर त्या हट्टातले शहाणपण दिसले.

ही उष्णता कोठे आणि कशी मारायची, यावर गेल्या सव्वाशे वर्षांतली पुष्कळ डोकी खर्ची पडली आहेत. १९०२ साली दोन माणसांनी दोन वेगळ्या वाटा दाखवल्या. फ्रान्समध्ये लुई रेनॉ याने फिरत्या ड्रमच्या आतून शू दाबण्याची तऱ्हा आणली. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने पातळ चकती दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. आज ज्याला आपण डिस्क ब्रेक म्हणतो तो हाच. परंतु लँचेस्टरला चिमट्याला लावायला तांबे मिळाले. तांबे लोखंडावर घासले म्हणजे जो आवाज होतो तो कानाला नकोसा. शिवाय त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर ते लवकर झिजे. कल्पना पन्नास वर्षे आधी जन्मली आणि तिला साजेसे लायनर मात्र जन्मले नव्हते.

लायनरची गोष्ट तर आणखी मौजेची आहे. डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखात हर्बर्ट फ्रूड नावाचा गृहस्थ घोडागाड्या उताराने जाताना पाही. गाडीवान लाकडी ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटाचे चामडे ठोकत, म्हणजे चाक बरे धरले जाई. फ्रूडने त्यावर विचार केला आणि १८९७ साली घर्षणाचे लायनर बनवण्याचा धंदा काढला. आपल्याच नावातली अक्षरे उलटसुलट करून आणि बायकोच्या नावाचे आद्याक्षर त्यात घालून त्याने धंद्याचे नाव ठेवले फेरोडो. पुढे कापसाच्या जागी अस्बेस्टॉस आले. ते आगीला दाद देत नसे. त्याची धूळ फुफ्फुसांत जाऊन माणसे मरतात हे नीट कळायला मात्र फार वर्षे लागली, आणि ब्रिटनने त्यावर पूर्ण बंदी घातली ती १९९९ साली. म्हणून जुन्या गाडीचा ड्रम उघडून आतली काळी धूळ फुंकर मारून उडवणारा मनुष्य दिसला की मी त्याचा हात धरतो. ती धूळ ओल्या फडक्याने पुसावी, तोंडाला पट्टी बांधून पुसावी.

पहिल्या गाड्यांना ब्रेक असत ते मागच्या चाकांना, आणि पेडलपासून चाकापर्यंत जोर पोचे तो तारांनी नाहीतर सळ्यांनी. तार ताणली जाते, सळीचा सांधा झिजतो. चार चाकांना सारखा जोर मिळणे हा योगायोगच. या जंजाळातून सुटका केली पाण्यासारख्या पातळ पदार्थाने. बंद भांड्यातल्या द्रवाला एका जागी दाबले तर तो दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत आपण घोकलेलाच असतो. माल्कम लॉगहेड नावाच्या अमेरिकन मेकॅनिकने १९१७ साली तो मोटारीच्या ब्रेकला लावण्याचे पेटंट घेतले. विमानांच्या धंद्यात नाव काढलेल्या ॲलन लॉकहीडचा हा भाऊ. आडनावाचा उच्चार लोकांना जमेना म्हणून त्यांनी स्पेलिंगच सोपे करून टाकले. १९२१ च्या जुलैत फ्रान्समध्ये ल मान्स येथे झालेल्या ग्राँ प्रीमध्ये चारही चाकांना असे ब्रेक असलेली ड्यूसेनबर्ग गाडी घेऊन जिमी मर्फी उतरला. सरावात अपघात होऊन त्याच्या बरगड्या दुखावल्या होत्या. पट्टे आवळून तो शर्यतीला बसला आणि जिंकला. एम. जी. च्या चिमुकल्या मिजेट गाड्यांना हे भाग्य लाभले ते १९३६ च्या टी. ए. पासून.

त्या जुन्या नळ्यांतून जो द्रव खेळे त्यात मुख्यतः एरंडेल आणि स्पिरिट असे, हे वाचून मी मोठ्याने हसलो. आमच्या पिढीला एरंडेलाचा अनुभव वेगळ्या कारणाने आहे. एरंडेल का, तर ते रबराला खात नाही. इंजिन ऑईल रबराला फुगवते. म्हणून 'तेल ते तेल' म्हणून ब्रेकच्या डब्यात इंजिन ऑईल ओतणारा मनुष्य एका मिनिटात सगळ्या गाडीची रबरे मारतो. आताचे ब्रेक ऑईल निराळे, पण त्यालाही एक खोड आहे: ते हवेतला दमटपणा पिते. डॉट-४ जातीचे नवे ऑईल २३० अंशांच्या आत उकळत नाही. त्याने पाणी प्यायले की हा आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. कोकणातले दोन पावसाळे काढलेले ऑईल घाटात उकळले तर नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पाय खाली जातो आणि गाडी जाते पुढे.

हे सारे वाचल्यावर माझ्या लक्षात आले की, जुन्या गाडीत निदान करायचे ते पायाने. वैद्य जशी तीन बोटांनी नाडी पाहतो तसा पेडलवरचा पाय पाहतो. पेडल लोण्यासारखे मऊ लागले आणि दोनतीनदा दाबल्यावर घट्ट होत गेले, तर नळीत हवा आहे. पहिल्या दाबाला खोल जाऊन दुसऱ्या दाबाला वरच घट्ट थांबले, तर हवा नव्हे. शू झिजून ड्रमपासून लांब गेले आहेत, ते जुळवून घ्यावेत. उभ्या गाडीत पाय दाबून धरला आणि पेडल मुंगीच्या पावलाने खाली चालले, तर मास्टर सिलेंडरचे रबर आतल्या आत ऑईल सोडते आहे; जमिनीवर थेंब दिसणार नाही म्हणून फसू नये. पायाला धकधक लागली तर ड्रम गोल राहिलेला नाही. घाटात पेडल दगडासारखे घट्ट आणि तरी गाडी थांबेना, तर लायनर तापून मेले आहेत. पेडल मऊ होऊन थांबेना, तर ऑईल उकळले आहे. दोन्हीत गाडी थांबत नाही. रोग मात्र अगदी उलट.

काही लक्षणे रोगाची नसतातच. माझी गाडी चढावर मागे घरंगळू लागली की ब्रेक दुबळा वाटतो. त्यावरून मी एकदा अख्खा पुढचा ब्रेक उघडला होता. दोष काहीच नव्हता. टी. डी. च्या पुढच्या चाकांतले दोन्ही शू असे बसवलेले असतात की, गाडी पुढे जाताना फिरता ड्रमच त्यांना स्वतःकडे ओढून आवळतो. पायाचा जोर त्यामुळे वाढून मिळतो. गाडी मागे जाऊ लागली की हीच युक्ती उलटते आणि ड्रम शूला दूर लोटतो. या आवळण्याच्या गुणातच ड्रमचा अवगुण आहे. एका चाकात तेलाचा थेंब पडला, एक लायनर थोडे निराळे निघाले, की तो लहानसा फरकही ड्रम वाढवून दाखवतो आणि गाडी एका अंगाला ओढते. चकतीच्या ब्रेकला हे आवळणे ठाऊक नाही. म्हणून तो पायाकडून जास्त जोर मागतो, पण सरळ थांबतो.

चकतीचे दिवस आले ते विमानांमुळे. विमाने जड झाली, वेगाने उतरू लागली, आणि डनलॉपने त्यांच्यासाठी चकतीचे ब्रेक केले. जॅग्वारचा चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस याने ते शर्यतीच्या गाडीवर महिनोन् महिने तपासले. त्यातही ऑईल उकळण्याची तीच जुनी कटकट त्याला भोगावी लागली. १९५२ साली रँस येथे स्टर्लिंग मॉस अशा गाडीतून जिंकला. खरी परीक्षा झाली ती १९५३ मध्ये, ल मान्सच्या चोवीस तासांत. तेथे सुमारे सहा किलोमीटरांचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या शेवटी काटकोनासारखे वळण. ताशी सव्वादोनशे किलोमीटरांच्या वर गेलेली गाडी त्या वळणाशी माणसात आणावी लागे, आणि तीही एकदोनदा नव्हे, तीनशेहून अधिक वेळा. ड्रमवाले लांबूनच पाय दाबू लागत. जॅग्वारचे टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन आणखी पुढे जाऊन दाबत. फेरारीची इंजिने मोठी होती. जॅग्वारने त्यांना थांबण्याच्या जागी गाठले. चोवीस तासांची सरासरी ताशी शंभर मैलांवर गेली ती त्या वर्षी पहिल्यांदा.

दोन वर्षांनी, ११ जून १९५५ रोजी, त्याच ठिकाणी ऐंशीहून अधिक माणसे मेली. दिवाळीच्या अंकात हे लिहावे की नाही याचा मी विचार केला. पण ब्रेकचा इतिहास सांगायचा आणि हे गाळायचे, हे बरे नव्हे. माइक हॉथॉर्नची जॅग्वार पेट्रोलसाठी उजवीकडे वळून थांबायला निघाली. तिच्या मागची लान्स मॅकलिनची ऑस्टिन-हीली तिला चुकवण्यासाठी डावीकडे आली. मागून भरधाव आलेली पिएर लव्हेगची मर्सिडीज तिच्यावर चढून उडाली आणि प्रेक्षकांत फुटली. पुष्कळ वर्षे ही हकीकत अशी सांगितली जाई: जॅग्वारला डिस्क ब्रेक, म्हणून ती पटकन थांबली, मागच्यांना नव्हते, म्हणून अनर्थ झाला. ऐकायला हे चोख वाटते. परंतु मधल्या ऑस्टिन-हीलीलाही चारी चाकांना चकत्याच होत्या. ड्रम होते ते मर्सिडीजला; तिच्या चालकामागे वारा अडवण्यासाठी वर उचलणारे एक झाकणही बसवलेले होते. चौकशीत कोणाही एका चालकाला दोषी धरले गेले नाही. पेट्रोल भरण्याच्या जागा आणि धावता रस्ता यांच्यामध्ये तेथे साधा कठडाही नव्हता, आणि रस्ता अरुंद होता; पुढे तो भाग पाडून नव्याने बांधला गेला. मला वाटते, लोकांचे डोळे जिकडे गाडी उडाली तिकडेच खिळले आणि कारणही तेथेच शोधले गेले.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९५५ साली फ्रान्सच्या सित्रोएन डी. एस. ला पुढे चकत्या आल्या, १९५६ मध्ये ट्रायम्फ टी. आर. ३ ला, आणि ॲबिंग्डनच्या साध्या एम. जी. ए. ला १९५९ मध्ये. माझी गाडी १९५२ ची. तिच्या नशिबी ड्रमच.

आणि ती अजून उजवीकडे ओढतच होती. शेवटी एका स्नेह्याने एका वृद्ध मिस्त्रींना आणले. मुंबईत पद्मिनी टॅक्सींचे ब्रेक करण्यात त्यांचा जन्म गेला होता. २०२३ साली शेवटच्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या तेव्हा ते पुण्याला लेकीकडे राहायला आले. त्यांनी गाडीला एक चक्कर मारून आणली, उतरले, आणि पुढच्या दोन्ही ड्रमांवर लांबून तळहात धरला.

"साहेब, उजवं चाक किती वेळा उघडलंत?"

"चार वेळा."

"आणि डावं?"

"ते कशाला? त्याचा ब्रेक उत्तम आहे. बघा ना, ड्रम चांगला तापलाय!"

मिस्त्री हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. म्हणाले, "तापलाय म्हणजे लागतो असं नाय साहेब. तापलाय म्हणजे सोडत नाय."

त्यांनी डावे चाक जॅकवर उचलले, मला पेडल दाबून सोडायला सांगितले आणि चाक हाताने फिरवले. ते हलेना. आठदहा सेकंदांनी हळूच सुटले. पुन्हा दाबायला लावले, सोडायला लावले, आणि या खेपेस त्यांनी ब्रेकच्या निपलला पान्याने अर्धा आटा दिला. ऑईलची चिळकांडी उडाली आणि चाक तत्क्षणी मोकळे झाले. "म्हणजे ऑईल आत अडकलं होतं," ते म्हणाले. "उजवं सुटतंय, म्हणजे मास्टरचा दोष नाय. आता ही होज कापा."

पुढच्या प्रत्येक चाकाला ऑईल पोचवणारी एक रबरी नळी असते. तिला होज म्हणतात. बाहेरून माझी डावी होज काळीभोर, धडधाकट. मिस्त्रींनी ती सोडवून ब्लेडने उभी चिरली. आतले रबर फुगून सुईच्या नेढ्याएवढी वाट उरली होती. पाय दाबला की ऑईल उजव्या चाकाला लगेच पोचे आणि डाव्याला उशिरा, म्हणून गाडी उजवीकडे जाई. पाय सोडला की तेच ऑईल डावीकडून परत यायला उशीर लावी, म्हणून डावा ड्रम तापे. मी तापलेल्या ड्रमला शाबासकी देत होतो आणि निरोगी उजव्या चाकाला औषधे पाजत होतो. पास्कलचा नियम खोटा नव्हता. तो दाब पोचल्यानंतरचा नियम आहे, पोचायला लागणाऱ्या वेळेचा नव्हे. होज केव्हा बदलली होती ते मी काकांच्या वहीत पाहिले. काकांनीच बदलली होती, सत्तावीस वर्षांपूर्वी. मी पंधरा दिवाळ्या गाडीखाली शिरलो, तिच्यावरची धूळ दरवर्षी पुसली, आणि तिला एकदाही हात लावला नव्हता. या गोष्टीत दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायला जागा नाही.

तिन्ही होजा नव्या आल्या. नळ्यांतली एअर काढण्याचे काम दोन माणसांचे असते. मिस्त्री गाडीखाली, आणि पेडलवर नात. तिचा पाय पोचावा म्हणून तिच्या पाठीशी उशी ठेवली होती. "दाब... धर... सोड," असे खालून ऐकू येई आणि ती श्वास रोखून तसे करी. बुडबुडे संपेपर्यंत तासभर गेला. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, आता आतून कोणीतरी उलट ढकलतंय."

"बास," मिस्त्री खालूनच म्हणाले. "झालं काम."

वसुबारसेच्या सकाळी आम्ही पुन्हा पौडच्या रस्त्याला लागलो. त्या वळणापलीकडे मोकळा रस्ता पाहून मी गाडीला वेग दिला, स्टिअरिंगवरचे हात नुसते टेकवून ठेवले आणि ब्रेक दाबला. नातीने दोन्ही हातांनी दार घट्ट धरले होते. गाडी रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्याला धरून सरळ उभी राहिली. मी उतरून दोन्ही ड्रमांवर तळहात धरून आलो. दोन्ही सारखेच कोमट होते.

"परत एकदा," ती म्हणाली.